हात बसलेल्या माणसांसाठी लिनक्स

ऑक्टोबर २०२५ मधली गोष्ट. वाशिमच्या पाटणी चौकाजवळ माझे एक स्नेही डीटीपीचे दुकान चालवतात. लग्नपत्रिका, तेरवीची निमंत्रणे, बिलबुके, निवडणुकीच्या दिवसांत पत्रके, असा त्यांचा धंदा. त्यांचा एके दिवशी सकाळीच फोन आला. म्हणाले, ''सर, कॉम्प्युटरवर रोज एक पाटी येऊन राहिली. म्हणते, तुमच्या विंडोजची मुदत संपली. मेकॅनिक म्हणते दोन्ही मशीन भंगारात टाका अन् नवीन घ्या. मशीन तं चांगल्या चालू हायेत!''

पाटी खरी होती. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीची नेहमीची देखभाल थांबवली. याचा अर्थ संगणक त्या दिवशी बंद पडला असा नव्हे. पण प्रणालीत सापडणाऱ्या नव्या भगदाडांना ठिगळे लावण्याचे काम कंपनीने थांबवले. घरगुती ग्राहकांना नाव नोंदवून आणखी एक वर्ष, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेची ठिगळे मिळण्याची सोय ठेवली, एवढेच. पुढची प्रणाली, विंडोज ११, चालवायची तर संगणकात ठरावीक सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. आमच्या स्नेह्यांच्या दहा वर्षांच्या धडधाकट यंत्रांना ते जमणारे नव्हते.

फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारले, ''सर, ते तुमचं लिनक्स अजून हाये का?''

मला हसू आले, आणि थोडे ओशाळल्यासारखेही झाले. कारण अठरा वर्षांपूर्वी याच माणसाने माझे लिनक्स मला परत आणून दिले होते.

ते साल २००७. मी तेव्हा संगणकाचा वर्ग चालवत होतो आणि लिनक्सच्या प्रेमात नव्यानेच पडलो होतो. त्या काळी उबंटू नावाच्या लिनक्सच्या सीडी मागवल्या की परदेशातून टपालाने घरपोच, विनामूल्य येत. मी गठ्ठाच मागवला होता. त्यातली एक यांना दिली आणि दुकानात उभ्या उभ्या छोटेसे भाषण ठोकले. हे फुकट आहे, यात व्हायरस नाही, हे शिकायला सोपे आहे आणि तुमचे सगळे काम यात होते. दोन दिवसांनी ते वर्गावर आले, सीडी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ''सर, मले शिकायचं नाई. मले काम करायचं हाये.''

माणूस हट्टी आहे, असे मी तेव्हा मनात म्हटले. आज वाटते की त्या एका वाक्यात त्यांनी मला सगळे सांगितले होते, ते ऐकण्याची माझी तयारी नव्हती. अनुभवी माणसाला नव्या प्रणालीकडे कसे आणायचे, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे. पण त्याआधी ही प्रणाली म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची प्रणाली लिहायला घेतली. तिचा स्वभाव साधा होता. एक मोठा सर्वज्ञ प्रोग्राम करण्याऐवजी एकेकच काम चोख करणारे अनेक छोटे प्रोग्राम करायचे आणि गरजेप्रमाणे ते एकमेकांना जोडायचे. आपला शेतकरी तुषार संचाचे पाइप एकाला एक जोडून विहिरीचे पाणी हव्या त्या वाफ्यापर्यंत नेतो, तसेच हे. या जोडणीला युनिक्समध्येही 'पाइप' असेच म्हणतात आणि ती १९७३ पासून आहे.

पुढे युनिक्स व्यापारी बंधनांत अडकली. तेव्हा १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी तिच्यासारखीच, पण सर्वांना मोकळी अशी प्रणाली घडवण्याचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला. तो लिनक्स. याच घराण्यातल्या डेबियन आणि उबंटू या प्रणाली आज आपल्याकडे जास्त वापरल्या जातात. फ्रीबीएसडी ही त्यांची चुलत बहीण. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. तेव्हा लिनक्स वापरत नाही असा माणूस आता जिल्ह्यात शोधावा लागेल. प्रश्न आहे तो टेबलावरच्या संगणकाचा.

या प्रणालीचा मूळ मजकूर, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेल्या ओळी, सर्वांसाठी खुल्या असतात. कोणीही त्या वाचाव्यात, दुरुस्त कराव्यात, पुढे वाटाव्यात. आमच्या जिल्ह्यातल्या कारंजाच्या लोकांना यातला फरक चटकन कळतो. मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी शकुंतला रेल्वे आठवा. गाडी आपली, प्रवासी आपले, गार्ड आणि ड्रायव्हर भारतीय रेल्वेचे. पण रुळांची मालकी मात्र स्वातंत्र्यानंतरही एका खासगी कंपनीकडेच राहिली. त्यामुळे रुळांचे काय करायचे हे एकट्या रेल्वेच्या हातात नव्हते. विकतच्या प्रणालीचे तसेच असते. पत्रिका तुमची, मजकूर तुमचा, यंत्रही तुमचे, पण रूळ दुसऱ्याचे. रूळ कधी उखडायचे ते तो ठरवतो.

हे सगळे मला २००७ मध्येही माहीत होते. तरी माझी सीडी परत आली. का?

नवशिक्यांची अडचण कधीच आली नाही. माझ्या वर्गातल्या ज्या मुलांनी पहिल्यांदा संगणक पाहिला तोच लिनक्सचा, ती सहज शिकली. त्यांना दोन्ही सारखेच नवे होते. अडले ते जाणकार लोक. डीटीपीवाले, कोर्टाच्या आवारातले अर्जनवीस, कचेरीतले टंकलेखक, हिशेब लिहिणारे. म्हणजे ज्यांना संगणक सर्वांत चांगला येत होता, तेच सर्वांत दूर राहिले. वरवर हे उलटे वाटते, पण थोडा विचार केला की उलगडते.

वाशिम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्याच्या आदल्याच आठवड्यात अमेरिकेत विंडोज ९८ बाजारात आले होते. नवा जिल्हा, नव्या कचेऱ्या आणि नवे संगणक असे सगळे आमच्याकडे एकदम आले. टाइपरायटरवर रेमिंग्टन पद्धतीने मराठी बडवणारी पिढी तेव्हा संगणकावर सरकली. येताना तिने आपली बोटे बरोबर आणली. कोणती कळ दाबली की 'ळ' येतो, रफार कधी द्यायचा, कोणते जोडाक्षर अर्ध्या अक्षराने होते आणि कोणते ऑल्ट कळ धरून तीन-चार आकडे दाबल्यावर येते, हे सारे त्यांच्या डोक्यात नव्हे, हातात होते. आपण 'हात बसला' म्हणतो ते हेच. पंचवीस वर्षांत अशा हजार बारीकसारीक युक्त्या गोळा होतात, आणि त्यांवरच माणसाची बाजारातली पत असते. गिऱ्हाईक समोर उभे असते, लग्न चार दिवसांवर असते आणि पत्रिका तासाभरात हवी असते.

अशा माणसाला नव्या प्रणालीसमोर बसवले की तो एका क्षणात नवशिक्या होतो. नव्हे, नवशिक्यापेक्षाही वाईट अवस्था होते, कारण जुना हात त्याला दगा देतो. साधे उदाहरण सांगतो. विंडोजवर 'कंट्रोल' आणि 'सी' दाबले की मजकुराची नक्कल होते. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर, ज्याला टर्मिनल म्हणतात, तेच दाबले तर चालू काम तिथल्या तिथे थांबते. विंडोजमध्ये फाइलचे इंग्रजी नाव लहान लिपीत लिहा की मोठ्या, फाइल एकच. लिनक्समध्ये त्या दोन वेगळ्या फाइली होतात. ज्याला काहीच येत नाही तो असल्या खड्ड्यांत पडत नाही. ज्याला येते तो पडतो, आणि वर त्याला लाज वाटते. पंचवीस वर्षांच्या कारागिराला विशीतल्या पोरासमोर चाचपडावे लागते, त्याचे दुःख आम्हा प्रचारकांना दिसत नव्हते.

आता माझे २००७ चे भाषण पुन्हा पाहू.

'हे फुकट आहे' असे मी म्हटले होते. पण त्यांच्या यंत्रावरची प्रणाली आणि फॉन्ट तरी त्यांनी कुठे विकत घेतले होते? त्या काळात लहान गावांतून बिनपरवान्याच्या प्रती सर्रास चालत, हे उघड गुपित होते. ज्याला दोन्ही फुकट, त्याला फुकटाचे कौतुक काय? वर, फुकट म्हणजे कमअस्सल असा बाजाराचा हिशेब असतोच.

'हे सोपे आहे' असे मी म्हटले होते. अनुभवी माणसाला हे वाक्य टोचते. त्याच्या दृष्टीने सोपे तेच, जे त्याला येते.

आणि 'तुमचे सगळे काम यात होते' असे म्हटले होते. हे चक्क खोटे होते. मी खोटे बोलायचे म्हणून बोललो नाही, पण तपासून न पाहता बोललो. ते पेजमेकरवर काम करत. त्याची जागा घेईल असा लिनक्सवरचा प्रोग्राम म्हणजे स्क्रायबस. २००७ मध्ये स्क्रायबसला मराठी जोडाक्षरे नीट जुळवता येत नव्हती. 'श्री' लिहायला जावे आणि अक्षरे पाय मोडून एकापुढे एक उभी राहावीत, असा प्रकार होता. ज्या माणसाच्या प्रत्येक पत्रिकेची सुरुवात 'श्री गणेशाय नमः' ने होते, त्याने सीडी परत करण्याला दुसरे कारण लागत नाही. ही उणीव पुढे दूर झाली. ओमानमधील मुक्त सॉफ्टवेअरच्या मंडळींनी अरबीसाठी मेहनत घेतली, आणि गुंतागुंतीच्या लिप्या जुळवण्याचे ते काम मराठीच्याही उपयोगी पडले. पण ते सर्वसामान्यांसाठीच्या पक्क्या आवृत्तीत आले १ जानेवारी २०२४ रोजी. म्हणजे आमचे स्नेही सतरा वर्षे बरोबर होते आणि मी चूक.

मग अनुभवी लोकांना आणणे शक्यच नाही का? तसे नाही. आपल्या देशात याचे एक मोठे उदाहरण आहे आणि ते प्रत्येक जिल्ह्याच्या गावी आहे. ते म्हणजे न्यायालय.

केंद्र सरकारने २००७ मध्ये ई-कोर्ट्स प्रकल्प हाती घेतला. २०१५ पर्यंतच्या त्याच्या पहिल्या टप्प्यात देशभरातील १४,२४९ जिल्हा व दुय्यम न्यायालयांचे संगणकीकरण झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने या कामासाठी मुक्त प्रणालीची निवड केली. न्यायालयांच्या गरजेप्रमाणे बेतलेली उबंटू लिनक्सची आवृत्ती काढली. खटल्यांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर आपल्या पुण्यातील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, तयार केले. पहिल्या टप्प्यातच १४ हजारांहून अधिक न्यायिक अधिकाऱ्यांना उबंटूचे प्रशिक्षण मिळाले.

यात हुकमाचा भाग होता हे खरे. वरून आदेश आला की बदल होतो. पण नुसत्या आदेशाने बदल टिकतोच असे नाही. जर्मनीतील म्युनिक शहराच्या पालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचे ठरवले, दहा वर्षांत सुमारे १५ हजार संगणक बदलले, आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. तेव्हा न्यायालयांच्या बाबतीत मला आदेशापेक्षा पद्धत महत्त्वाची वाटते. आधी काही न्यायाधीशांनाच प्रशिक्षक म्हणून तयार केले आणि त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना शिकवले. न्यायाधीशाला न्यायाधीशाने शिकवले की निकालपत्र लिहिताना नेमके कुठे अडते हे शिकवणाऱ्यालाही ठाऊक असते. माझ्यासारखा बाहेरचा उत्साही माणूस प्रणाली शिकवतो. सहकारी काम शिकवतो.

हे लक्षात ठेवून २०२५ च्या दिवाळीनंतर मी पुन्हा पाटणी चौकात गेलो. या वेळी भाषण केले नाही. त्यांच्या शेजारी स्टूल ओढून दोन दिवस नुसता बसलो आणि ते काय काय करतात ते वहीत लिहून घेतले.

पहिली गोष्ट पाहिली ती हातांची. त्यांना रेमिंग्टन पद्धत सोडायची नव्हती, आणि सोडण्याचे कारणही नव्हते. लिनक्सवर मराठी टंकलेखनाच्या अनेक पद्धती असतात. सरकारमान्य इनस्क्रिप्ट आहे, उच्चाराप्रमाणे लिहिण्याची आहे, आपल्या मराठी माणसाने केलेली 'गमभन' पद्धत आहे, आणि रेमिंग्टनही आहे. मी ती बसवून दिली. त्यांनी पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सवर, म्हणजे यंत्रातले काहीही न पुसता, अर्धा तास टाइप केले. दोन-तीन कळांपाशी अडखळले, शिवी हासडली आणि पुढे गेले. २००७ मध्ये मी त्यांना हे दाखवलेच नव्हते. त्यांची बोटे आपली म्हणतील असे काही या प्रणालीत असू शकते, हे मलाच सुचले नव्हते.

दुसरी गोष्ट अवघड होती. त्यांच्याकडे पंचवीस वर्षांचा मजकूर साठलेला. शेकडो घराण्यांच्या पत्रिका, त्यांतली आजोबा-पणजोबांची नावे, गावोगावच्या यात्रांची पत्रके, संस्थांचे अहवाल. धाकट्या भावाचे लग्न निघाले की गिऱ्हाईक म्हणते, 'थोरल्याची पत्रिका काढा, त्यातच नाव बदला.' हा साठा हेच त्यांचे भांडवल. आणि तो सगळा जुन्या फॉन्टमध्ये.

जुना फॉन्ट म्हणजे काय ते समजून घेऊ. युनिकोडच्या आधी संगणकाला 'क' ठाऊक नव्हता. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. पडद्यावर 'क' दिसला तरी आत भलतेच चिन्ह साठवलेले असे, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की चिन्हांची खिचडी दिसते. युनिकोडने जगातल्या प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला, तेव्हा हा घोळ मिटला. पण जुना माल जुन्याच गाडीत राहिला. मूर्तिजापूरला शकुंतलेची अरुंद लाइन मोठ्या लाइनला भेटे, तिथे एका गाडीतला माल उतरवून दुसरीत भरावा लागे. तशी ही हमाली कोणीतरी करायला हवी होती.

युनिक्सचे छोटे प्रोग्राम इथे कामाला आले. त्यांतला एक 'सेड'. हे चिन्ह दिसले की त्या जागी ते लिही, असा तक्ता त्याला दिला की हजार फाइलींत तो मुकाट्याने बदल करतो. मी मोठ्या ऐटीत तक्ता करायला बसलो आणि पहिल्याच पत्रिकेत आपटलो. 'आशीर्वाद' चा 'आशीवार्द' झाला आणि 'विवाह' शब्दातली पहिली वेलांटी अक्षराच्या आधीच लोंबकळू लागली.

आमचे स्नेही चष्म्यावरून पाहत म्हणाले, ''सर, रफार आपण मांगून देतो ना. वा काढला, मंग त्याच्या डोक्यावर रफार. अन् पहिली वेलांटी आधी.''

हीच ती मेख. जुन्या फॉन्टमध्ये अक्षर दिसते त्या क्रमाने साठवले जाई. पहिली वेलांटी डावीकडे दिसते म्हणून आधी, रफार डोक्यावर चढवायचा म्हणून शेवटी. युनिकोडमध्ये अक्षर उच्चाराच्या क्रमाने साठवतात. 'वि' मध्ये आधी व, मग वेलांटी. 'र्वा' मध्ये आधी र, मग वा. म्हणजे नुसती चिन्हे बदलून भागत नाही, त्यांच्या जागाही बदलाव्या लागतात. पुस्तकात वाचून मला हे थोडेफार ठाऊक होते. त्यांच्या मात्र बोटांत होते. कोणत्या आकड्यावर कोणता तुकडा बसलेला आहे, अर्धा 'ष' आणि पोटफोड्या 'ष' यांत कोणत्या फॉन्टमध्ये काय गडबड होते, 'दुसऱ्या' मधला चंद्रकोरीसारखा 'र' कसा काढायचा, हे ते न बघता सांगत गेले. मला महिना लागला असता तो तक्ता दोन संध्याकाळींत झाला. ते बोलत होते आणि मी टाइप करत होतो. कोण कोणाला शिकवत होते, ते सांगायला नको.

त्या दुसऱ्या संध्याकाळी आम्ही तक्ता सगळ्या फाइलींवर सोडला. थोड्या वेळाने पंचवीस वर्षांचा मजकूर वाचता येईल अशा मराठीत पडद्यावर होता. अजून चुका होत्या, पण त्या हाताने काढण्यासारख्या. मग मी त्यांना 'ग्रेप' दाखवला. हाही १९७३ पासूनचा प्रोग्राम. शब्द सांगा, तो कोणकोणत्या फाइलींत आहे ते काढून देतो. त्यांनी आपल्या वडिलांचे नाव टाइप केले. त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेपासून भाच्याच्या बारशापर्यंत सात-आठ ओळी पडद्यावर उमटल्या. ते काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, ''हे विंडोजमध्ये कधी जमलं नाई बुवा.'' खरे तर विंडोजचाही त्यात एकट्याचा दोष नव्हता. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये होता तोवर कोणत्याच प्रणालीला तो शोधता आला नसता. मी त्यांना तसे सांगितले. मागच्या वेळचा धडा लक्षात होता.

त्या दिवसापासून मात्र ते लिनक्सचे झाले. पूर्ण नव्हे, हेही प्रामाणिकपणे सांगतो. त्यांच्या दोन यंत्रांपैकी एकावर आता लिनक्स आहे. नवा मजकूर, शोधाशोध, पीडीएफ, ईमेल, गिऱ्हाइकाशी देवाणघेवाण त्यावर चालते. दुसऱ्यावर जुनी प्रणाली तशीच ठेवली आहे, पण इंटरनेटची तार काढून. काही जुन्या रंगीत पत्रिकांची नक्षी तिथेच उघडते. हळूहळू तेही काम कमी होते आहे. दोन्ही यंत्रे भंगारात गेली नाहीत.

तुमच्यापैकी कोणाला असा विचार करायचा असेल तर अनुभवाने चार गोष्टी सांगतो. आधी प्रणाली बदलू नका, साधने बदलून पाहा. लिबरऑफिस, फायरफॉक्स, इंकस्केप हे प्रोग्राम विंडोजवरही चालतात. महिनाभर त्यांवर हात बसवा, मग खालची प्रणाली बदलली तरी फारसे जाणवत नाही. दुसरे, पेन ड्राइव्हवरून चालवून पाहा आणि तुमचा प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचे टोकन एकेक करून तपासा. सेतू केंद्र किंवा आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी टोकनाची परीक्षा आधी घ्यावी. ते चालले नाही तर बाकी सगळे चालून उपयोग नाही. तिसरे, सगळ्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढल्याशिवाय कशालाही हात लावू नका. आणि चौथे, दीर्घ मुदतीची आवृत्तीच घ्या. उबंटूच्या अशा आवृत्तीला पाच वर्षे देखभाल मिळते. अनुभवी माणसाला दर सहा महिन्यांनी नवलाई नको असते.

आता दोन शब्द माझ्यासारख्या प्रचारकांसाठी. मराठीला या मुक्त प्रणालीची जेवढी गरज आहे, त्याहून प्रणालीला जाणत्या मराठी माणसाची गरज जास्त आहे. 'ॲ' हे आपले अक्षर. 'ॲड.' लिहिल्याशिवाय वकिलाची पाटी होत नाही. पण त्याला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती २००८ मध्ये. महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमाला आणि अक्षरांची वळणे ठरवणारा निर्णय ६ नोव्हेंबर २००९ रोजी काढला. आपला 'ल' आणि 'श' हिंदीच्या वळणाचा नाही, हे मराठी वाचकाला लगेच खटकते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने 'मुक्त', 'बलू' यांसारखे देखणे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याने दिले आहेत. तरीही कुठे जोडाक्षर फाटते, कुठे रफार सरकतो, कुठे भाषांतरातला शब्द तोंडात बसत नाही. हे प्रोग्रामरला दिसत नाही. रोज शंभर पत्रिका पाहणाऱ्याच्या डोळ्याला दिसते. बंद प्रणालीत त्याने ते पाहून काही उपयोग नसतो. खुल्या प्रणालीत त्याने सांगितलेली चूक दुरुस्त होऊ शकते आणि ती दुरुस्ती सर्वांना मिळते.

म्हणून अनुभवी माणसाकडे जाल तेव्हा 'या, तुम्हाला शिकवतो' असे म्हणू नका. आमच्या कामात एक अडचण आहे, तुमच्या हाताशिवाय ती सुटत नाही, असे म्हणा. माझ्या बाबतीत तरी ते अक्षरशः खरे निघाले. त्या स्नेह्यांचा तक्ता आता तालुक्याच्या गावचे आणखी दोघे डीटीपीवाले वापरतात. परवा त्यांपैकी एकाचा मला फोन आला होता, काहीतरी अडले म्हणून. मी सांगू लागलो तर म्हणाला, ''राहू द्या सर, भाऊलेच विचारतो. त्याईले जास्त समजते.''

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)